तिला कुठे ठेवायचं? दोन गावांचा इतिहास



बचत गटांच्या बैठकांसाठी आम्ही गावोगाव फिरतो. हप्ते जमा होतात, वहीवर सह्या होतात, चहा होतो आणि बाया उठायला लागतात. तेव्हा कधी एखादी मागे रेंगाळते आणि हळू आवाजात विचारते, "ताई, आमच्या नणंदेला कुठं ठेवायची सोय आहे का हो?" कधी नणंद असते, कधी दीर, कधी पोटचा मुलगा. आजार मनाचा असतो आणि बरीच वर्षं झालेली असतात.

मनाचे काही आजार येतात आणि औषधपाण्याने जातात. काही मात्र वर्षानुवर्षं मुक्काम करतात. स्किझोफ्रेनिया हा त्यातला एक. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, घरचेच आपल्या वाईटावर आहेत असं वाटतं, अंघोळ-जेवणाची शुद्ध राहत नाही. गोळ्यांनी आवाज कमी होतात, झोप लागते. पण सकाळी उठून आपलं आपण आवरावं, चार माणसांत बसावं, हातात दोन पैसे यावेत, एवढं सगळं एकट्या गोळीच्याने होत नाही. त्याला राहायला नीट जागा लागते, करायला काम लागतं आणि आपलं म्हणणारी माणसं लागतात. या सगळ्याची एकत्र सोय करून माणसाला पुन्हा उभं करणं म्हणजे निवासी पुनर्वसन.

घरच्यांची दमछाक आम्ही बघतो. आई-बाप म्हातारे होतात. बाई आजारी पडली तर सासर तिला माहेरी आणून सोडतं आणि माहेरी भाऊ-भावजयीचा आधीच तंगीतला संसार असतो. म्हणून 'कुठं ठेवायची सोय' हा प्रश्न खोटा नाही. पण ठेवायचं म्हणजे काय करायचं? याचं उत्तर शोधायला आज दोन गावांचा इतिहास बघू. एक गाव दूर युरोपात, दुसरं आपल्याच देशात. दोन्ही यात्रेची गावं. दोन्हीकडे लोक मनाचा आजार झालेल्या माणसांना श्रद्धेने घेऊन येत. पुढे मात्र दोन्ही गावांच्या वाटा फार वेगळ्या झाल्या.

पहिलं गाव : गील

युरोपात बेल्जियम नावाचा छोटा देश आहे. तिथे गील नावाचं गाव आहे. आता ते शहर झालंय, पण शेकडो वर्षं ते शेतकऱ्यांचंच गाव होतं. तिथे संत डिम्फ्नाचं चर्च आहे. आख्यायिका अशी सांगतात की डिम्फ्ना ही आयर्लंडच्या राजाची मुलगी. राणी वारली आणि दुःखाने राजाचं डोकं फिरलं. मुलगी आईसारखीच दिसते म्हणून तो तिच्याशीच लग्न करायला निघाला. ती समुद्र ओलांडून गीलला पळाली, बापाने तिला शोधून काढलं आणि मारलं. तेव्हापासून मनाने आजारी माणसांची ती संत झाली. गोष्ट खरी की रचलेली, ते सोडून देऊ. पण तेराव्या शतकापासून तिच्या नावाने लोक गीलला येऊ लागले.

चर्चला लागून आजाऱ्यांसाठी एक खोली होती. तिथे नऊ दिवस राहून प्रार्थना करायची. आपल्याकडे नवरात्राचे नऊ दिवस असतात, तसेच. पण माणसं जास्त आणि खोली लहान. जागा नसली की आजारी माणसाला गावातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी उतरवत. नऊ दिवस संपूनही बरं वाटलं नाही तर तो तिथेच राही. महिना जाई, वर्ष जाई. माणूस घरातलाच होऊन जाई.

अशी ही रीत पडली. गीलच्या घरांत आजारी माणूस असणं ही लाजेची गोष्ट राहिली नाही. आईने सांभाळलेला पाहुणा आईनंतर लेकीने सांभाळला, अशीही घरं झाली. तिथे त्याला रोगी म्हणत नसत. जेवून-खाऊन राहणारा माणूस, अशाच अर्थाच्या शब्दाने त्याला हाक मारत. तो पेरणी-कापणीला हात लावी, गुरांकडे बघे, पोरं सांभाळी. ज्याला काही जमत नसे तो चुलीजवळ बसून राही. त्याच्या नातेवाइकांकडून किंवा त्याच्या गावाकडून घरमालकाला खर्चाचे पैसे मिळत. म्हणजे ही नुसती दया नव्हती, घराला थोडं उत्पन्नही होतं. गरीब शेतकरी बाईच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

गीलमध्ये सगळं गोड होतं असं आम्ही सांगणार नाही. जुन्या काळी तिथेही काही जणांच्या पायांत बेड्या असत. कोणी आजाऱ्याला फुकटचा गडी म्हणून राबवायचा धोकाही होताच. म्हणून पुढे जे झालं ते महत्त्वाचं आहे. १८५० साली बेल्जियम सरकारने मनोरुग्णांसाठी कायदा केला आणि गीलची ही जुनी रीत सरकारी देखरेखीखाली आली. १८६२ साली गावात छोटं रुग्णालय सुरू झालं. नवीन आलेल्या माणसाला आधी तिथे ठेवून बघायचं, मग त्याच्या स्वभावाला जमेल असं घर निवडायचं. जो दुसऱ्याच्या जिवावर उठेल त्याला घरात द्यायचं नाही. एका घरात साधारण एक-दोनच माणसं ठेवायची. डॉक्टर आणि नर्स घरोघर फिरून बघायचे. पुढे वस्त्यांमध्ये न्हाणीघरं बांधली आणि पाहुण्यांनी ठराविक दिवशी तिथे येऊन अंघोळ करायची असा नियम झाला. त्याने स्वच्छता झालीच, पण कोणाच्या अंगावर वळ असले, कोणी खंगला असला, तर तेही नर्सच्या नजरेला पडू लागलं. किती साधी युक्ती!

१९३८ साली गीलच्या घरांमध्ये असे ३,७३६ जण राहत होते. त्यानंतर आकडा घटत गेला. शेतीत माणसांची गरज कमी झाली, बायका नोकरीला जाऊ लागल्या, उपचारांच्या दुसऱ्या सोयी झाल्या. आज तिथे थोडीच माणसं अशी राहतात, पण रीत अजून सुरू आहे. २०२३ साली युनेस्को या जागतिक संस्थेने जपण्याजोग्या चांगल्या परंपरांच्या यादीत तिची नोंद केली.

शर्टाची बटणं

एलन बॅक्स्टर नावाच्या एक अमेरिकन बाई तरुणपणी, १९७० च्या दशकात, गीलला जाऊन राहिल्या होत्या. त्यांनी सांगितलेली एका घरातली गोष्ट आम्हाला फार आवडते. त्या घरातल्या पाहुण्याला शर्टाची बटणं पिळून पिळून तोडायची सवय होती. रोज दिवसभरात सगळी बटणं तुटायची आणि घरची बाई रोज रात्री ती पुन्हा शिवायची. एलनबाईंनी सुचवलं, मासे पकडायच्या पक्क्या दोऱ्याने शिवा, म्हणजे तुटणारच नाहीत. त्यावर ती बाई म्हणाली की तसं मुळीच करायचं नाही. त्याला बटणं पिळायची गरज आहे, त्याने त्याला बरं वाटतं.

बघा मैत्रिणींनो, त्या बाईकडे कसलीही पदवी नव्हती. तिने माणूस बदलायचा हट्ट सोडला आणि सुईदोरा हातात घेतला. आपल्या घरात आपण काय करतो? 'असं करू नको, तसं बसू नको, लोक काय म्हणतील' हे दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. सतत टोचून बोलणं, सतत चुका काढणं सुरू असलेल्या घरात हा आजार पुन्हा पुन्हा उसळतो, हे पुढे डॉक्टरांनीही अभ्यास करून सांगितलं. गीलच्या बायांना ते अनुभवाने कळलं होतं.

दुसरं गाव : एरवाडी

आता दुसरं गाव. तमिळनाडूत, रामनाथपुरम जिल्ह्यात, समुद्राकाठी एरवाडी आहे. तिथे जुना दर्गा आहे. गीलसारखंच इथेही सगळ्या जातीधर्मांचे लोक मनाने आजारी माणसांना घेऊन येत. काही दिवस राहायचं, दुवा मागायची, स्वप्नात हुकूम आला की घरी जायचं, अशी श्रद्धा. लोक का जात, हे आपल्याला सांगायला नको. जवळपास मनाचा डॉक्टर नाही, शहरातल्या दवाखान्याची भीती, आणि देवाच्या दारी कोणी हिणवत नाही. आपल्याकडेही अशी ठिकाणं आहेत आणि तिथे जाणाऱ्यांना आम्ही कधी हसत नाही.

इथेही माणसं जास्त झाली आणि जागा कमी पडली. पण इथे शेतकऱ्यांची घरं उघडली नाहीत. काही लोकांनी दर्ग्याच्या आसपास खासगी निवास काढले. झावळ्यांचे मांडव घातले, नातेवाइकांकडून पैसे घ्यायचे आणि आजारी माणसाला साखळीने बांधून ठेवायचं. पळून जाऊ नये म्हणून खांबाला, खाटेला साखळी. नातेवाईक पैसे देऊन गावी परतत. डॉक्टर नाही, काम नाही, बघायला येणारं सरकारी माणूस नाही.

६ ऑगस्ट २००१ ला पहाटे अशाच एका निवासाला आग लागली. झावळ्यांचं छप्पर भराभर पेटलं. आतली माणसं जागी झाली, पण पायांत साखळ्या होत्या. पंचवीस जण त्याच दिवशी गेले. नंतर दगावलेले धरून आकडा २८ झाला. त्यात बायकाही होत्या.

त्यानंतर सरकारने तिथले असे सगळे निवास बंद केले आणि पाचशेहून जास्त माणसं आपल्या ताब्यात घेतली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मानसिक आरोग्याच्या सोयींची पाहणी करा, परवान्याशिवाय चालणारी ठिकाणं शोधा, राज्यात निदान एक तरी सरकारी मनोरुग्णालय असू द्या, असं सगळ्या राज्यांना बजावलं.

दोन्ही गावांत श्रद्धा होती. दोन्हीकडे गरिबी होती, पैशाचा व्यवहारही होता. मग फरक कुठे पडला? गीलमध्ये आजारी माणूस घराच्या ताटात जेवत होता आणि त्याच्याकडे बघायला बाहेरचं माणूस येत होतं. एरवाडीत तो कुंपणाच्या आत होता आणि बघायला कोणीच येत नव्हतं. नुसत्या आसऱ्याने पुनर्वसन होत नाही. ज्या आसऱ्याकडे कोणी बघत नाही, तिथे कुलूप आणि साखळी यायला वेळ लागत नाही.

भिंती आणि तंबू

आपल्या महाराष्ट्रात काय होतं? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही मोठी सरकारी मनोरुग्णालयं इंग्रजांच्या काळातली. 'याला ठाण्याला पाठवा' अशी थट्टा अजून चालते. त्या काळच्या कायद्याने आजारी माणूस बहुतेक वेळा कोर्टाच्या हुकमाने आत जाई. समाजापासून त्याला दूर ठेवणं हा मुख्य हेतू, म्हणून उंच भिंती. १९१२ चा तो कायदा थेट १९९३ पर्यंत चालला. तिथे चांगलं काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका पूर्वीही होत्या, आजही आहेत. पण एक गोष्ट घडत राहिली. माणूस बरा झाला तरी न्यायला कोणी येईना. पत्ता चुकीचा दिलेला, घर बदललेलं, नाहीतर सरळ नकार. अशा बायका दहा-दहा, वीस-वीस वर्षं आत राहिल्या.

वेगळी वाटही आपल्याच देशात निघाली. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर प्रमुख होते. रुग्णालय गच्च भरलेलं. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना सांगितलं, तुमच्या माणसाजवळ इथेच राहा. घरची माणसं तंबूत राहू लागली. आजार काय, औषध कसं द्यायचं, कसं बोलायचं, हे डॉक्टर सगळ्यांना बसवून समजावत. काही आठवड्यांत बरीच माणसं सुधारून नातेवाइकांबरोबरच घरी जात. त्याच सुमारास नवी औषधंही आली होती. १९५२ पासून या आजारावर पहिलं परिणामकारक औषध युरोपात वापरात आलं आणि काही वर्षांत ते आपल्याकडे पोचलं. औषध आणि घरचं माणूस, दोन्हीचा मेळ बसला म्हणून भिंतीची गरज कमी झाली.

पण ज्यांना घरच उरलेलं नाही त्यांचं काय? १९९३ साली चेन्नईत वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुण मुलींनी 'द बनियन' ही संस्था काढली. रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी बायकांसाठी आधी त्यांनी एक निवारा केला. बायका बऱ्या व्हायच्या, अनेक जणी घरी परतायच्या. ज्यांना घर नव्हतं त्या मात्र निवाऱ्यातच राहायच्या. मग २०१५ च्या सुमारास संस्थेने नवा विचार केला. साध्या गल्लीत, साध्या गावात भाड्याने घर घ्यायचं आणि चार-पाच जणींनी एकत्र राहायचं. मदतीला एक कार्यकर्ती असते. बाजार, स्वयंपाक, दार उघडायचं की लावायचं, हे सगळं त्या बायकाच ठरवतात. कोणी कामाला जाते, कोणी घरीच थांबते.

आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जतला 'श्रद्धा' संस्थेचं निवासी केंद्र २००६ पासून आहे. डॉ. भरत वाटवाणी आणि डॉ. स्मिता वाटवाणी या मनोविकारतज्ज्ञ जोडप्याने १९८८ साली हे काम मुंबईत सुरू केलं. रस्त्यावरच्या आजारी माणसाला आणायचं, स्वच्छ करायचं, उपचार करायचे, आणि त्याला गावाचं नाव आठवलं की थेट घरापर्यंत पोचवायचं, मग ते गाव कुठल्याही राज्यात असो. २०१८ साली डॉ. भरत वाटवाणी यांना या कामासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथेही राहणं हा शेवट मानलेला नाही. राहणं म्हणजे घरी जायच्या वाटेवरचा मुक्काम.

कायदा आपल्या बाजूचा

या सगळ्यातून २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. गटातल्या प्रत्येकीला यातल्या काही गोष्टी माहीत हव्यात. आजारी माणसाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. मनोरुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंदणी हवी. घरच्यांनी नाकारलं किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी समाजात राहायची सोय सरकारने करायची आहे. जबरदस्तीने केस कापायचे नाहीत. स्वतःचे कपडे घालू द्यायचे. कामाची सक्ती नाही, आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यायचा. बायकांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्याच पाहिजेत, हेसुद्धा कायद्यात लिहिलेलं आहे.

कायदा झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला आपल्याच राज्याला सांगावं लागलं की मनोरुग्णालयातल्या माणसांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं थांबवा. म्हणजे कागदावर हक्क आहेत, पण घरं अजून कमी आहेत.

बघायला जायचं तर काय बघायचं?

कोणी एखादं केंद्र, एखादा आश्रम सुचवला तर लगेच माणूस नेऊन सोडू नका. आधी दोघीजणी जाऊन बघून या. नोंदणीचा कागद मागा. मनोविकारतज्ज्ञ कधी येतो ते विचारा. आतली माणसं दिवसभर काय करतात ते बघा. नुसती ओळीने बसवलेली असतील तर ते पुनर्वसन नव्हे. संडास-न्हाणीघर बघा. बायकांकडे कोण बघतं, रात्री कोण असतं ते विचारा. आम्ही कधीही भेटायला आलो तर चालेल का, फोनवर बोलता येईल का, हे विचारा. जिथे 'भेटायला येऊ नका, त्याने त्रास होतो' असं कायमचंच सांगतात, तिथे सावध राहा. आणि घरी परत यायचा विचार ते पहिल्या दिवसापासून करतात का, हे शेवटी विचाराच.

केंद्रात ठेवलं तरी आपलं काम संपत नाही. महिन्याला जाणं, सणाला साडी नेणं, बोलणं. जिला भेटायला माणसं येतात तिच्याकडे केंद्रातही जास्त लक्ष जातं, ही साधी गोष्ट आहे.

गावात राहूनही बरंच होतं. औषध मध्येच बंद करू नये, हे आशाताईच्या मदतीने लक्षात ठेवता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या सेवेची चौकशी करता येते. मानसिक आजाराचा अपंगत्वाच्या कायद्यात समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र काढता येतं आणि त्यावर मिळणाऱ्या योजनांची चौकशी तहसील कार्यालयात करता येते. टेली मानस हा सरकारी फोन १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही मिळतो. आणि ज्या घरात असं माणूस आहे त्या घरातल्या बाईला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून गटातल्या दोघी तिच्याकडे बसल्या, तर तिचा जीव हलका होतो.

गटाच्या कामालाही अशी माणसं येऊ शकतात. पापड लाटणं, शेंगा फोडणं, पाकिटं भरणं जमेल तितका वेळ करू द्यावं आणि कामाचे पैसे तिच्याच हातात द्यावेत. एके दिवशी ती येणार नाही, एके दिवशी अर्ध्यातून उठून जाईल. गीलच्या त्या बाईने रोज बटणं शिवली. आपण एका दिवसाचा खाडा सांभाळून घेऊ शकतो.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा : आपल्या गावात असं कोण आहे, आणि तिच्याकडे शेवटचं कोण जाऊन आलं? नाव वहीत लिहा. जाऊन येणाऱ्या दोघींची नावंही लिहा.